हाडं घडतात ती वर्षं

[दृश्य: डिचोली तालुका. कापणी झालेलं शेत, उतरतं ऊन]

भात कापून नेलंय. कुणग्यात उरलेत ते फक्त खुंट, आणि त्यांच्यामधून धावणारी आठवी-नववीतली पोरं. गोलपोस्ट म्हणून बांबूचे दांडे रोवलेत. हा बघा, बॉलवर झेपावला, डोकं लावलं आणि धपकन खाली आला.

[तेच दृश्य, संथ गतीत]

आता पायाकडे बघा. टाच टेकली, गुडघा वाकला, पोटरी थरथरली. या क्षणी नडगीच्या हाडावर मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट भार आलाय. त्या भारानं हाड वाकतं; डोळ्यांना दिसणार नाही, इतकं किंचित. हाडाच्या आत अतिसूक्ष्म वाटा असतात, त्यांत द्रव भरलेला असतो. हाड वाकलं की तो सरकतो आणि तिथल्या पेशींना कळतं, इथे जोर पडतोय. मग त्या निरोप धाडतात. जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं रचणाऱ्या वेगळ्या. वाढत्या वयात रचणाऱ्यांचं पारडं जड असतं. जिथे जोर पडला तिथे त्या बाहेरून थर चढवतात आणि हाड जाड होतं. जसा भार, तसा हाडाचा घाट, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडलं होतं.

[दृश्य: टेनिस कोर्ट. रॅकेट धरलेल्या हाताचा क्लोजअप]

याचा पुरावा एकाच शरीरात सापडतो. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा भक्कम असतं. ज्या मुली पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळू लागल्या, त्यांच्यात हा फरक उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळला. म्हणजे नुसता व्यायाम पुरत नाही, तो कुठल्या वयात झाला हेही बघावं लागतं.

मुली साधारण बाराव्या वर्षी, मुलगे चौदाव्या वर्षी झपाट्यानं उंच होतात. पण हाडात खनिज भरायचा वेग त्यानंतर काही महिन्यांनी शिगेला पोचतो. त्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडातलं जवळजवळ पाव खनिज साठतं. मधल्या काळात उंची पुढे, भरणी मागे. या वयात पडल्यावर मनगट मोडण्याचं प्रमाण वाढतं, ते यामुळेच.

[दृश्य: पणजी, कांपाल. तरणतलाव, पहाटेचा सराव]

इथे फुप्फुसं, हृदय, खांदे, सगळं तयार होतंय. हाड मात्र निवांत आहे, कारण वजन पाण्यानं उचललंय. तासन्‌तास पोहणाऱ्या मुलांची हाडं न खेळणाऱ्यांहून फारशी दणकट नसतात, आणि फुटबॉल किंवा जिम्नॅस्टिक्सवाल्यांच्या मागे राहतात. पोहणं सोडा असं कोणी म्हणत नाही. पण सरावाच्या वेळापत्रकात उड्यांना जागा का नसावी?

[दृश्य: शाळेचं मैदान. मुलींची लंगडी]

लंगडी बघा. एका पायावर, दिशा बदलत, मध्येच थांबत. शाळेच्या पटांगणात फुकट मिळणारा हा हाडांचा उत्तम व्यायाम, आणि आपण त्याला 'शिबिराआधीचा टाइमपास' म्हणतो! हाडातल्या पेशी काही डझन उड्यांनंतर दाद देईनाशा होतात. काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा ताज्या होतात. म्हणून रोज थोडं, खंड पाडून आणि तऱ्हेतऱ्हेचं. बारा महिने एकच खेळ, एकाच पायानं तेच तेच, हे मुलांवर लादणाऱ्या पालकांनी हे दृश्य दोनदा बघावं.

[दृश्य: एक्स-रे, गुडघा. हाडाच्या टोकाशी काळसर रेघ]

ही रेघ म्हणजे वाढीची कूर्चा. हाड इथून लांब होतं, आणि वाढीच्या वयात सगळ्यात नाजूक जागाही अशाच. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखू लागलं, तर सराव कमी करा. दुखणं तरीही हटत नसेल, नडगीला बोट लावताच एका ठिकाणी कळ येत असेल, किंवा मुलीची पाळी सलग तीन महिने आली नसेल, तर थेट डॉक्टरकडे.

[दृश्य: स्वयंपाकघर. तव्यावर तारले, शेजारी नाचण्याची आंबील]

तेरा ते पंधरा वयाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. काट्यासकट खाल्लेले बारके तारले, नाचणे, दूध. सरावावरून परतलेलं मूल उपाशी झोपता कामा नये.