भुसावळ ते नवापूर, एक कादंबरी

(दृश्य: भुसावळ जंक्शन, सकाळ. फलाटावर चहाची किटली, खिडकीतून आत सरकवलेल्या पिशव्या.)

सुरत पॅसेंजर. खिडकीची जागा मिळाली की मी आधी पुस्तक काढतो, पाण्याची बाटली नंतर.

आज सोबत वाचनालयातून आणलेली रहस्यकादंबरी आहे. एकटीच. हिला मागचा भाग नाही, पुढचा नाही. प्रवासात मला अशीच लागते. लहानपणी घरी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड यायचे. एक संपला की दुसऱ्याची ओढ. ते सुख मोठंच. पण झुंजार मरणार नाही, हे पहिल्या पानालाच ठाऊक असायचं. एकट्या कादंबरीत तशी हमी कुणालाच नाही, नायकालासुद्धा नाही.

(दृश्य: जळगाव मागे पडतं. कपाशी, केळीच्या बागा.)

मुंबईची लाईन सोडून गाडी सुरतेच्या वाटेला लागते. जळगाव ते उधना, 307 किलोमीटर. पूर्वी इथे एकेरी मार्ग होता. गाडी क्रॉसिंगला उभी राहिली की डबा गप्प व्हायचा. बाहेर कपाशीचं शेत, लांब लाल सिग्नल, आणि पानावर अंधारात कुणीतरी जिना उतरतंय. तसं वाचन मला पुन्हा कुठे मिळालं नाही. 2018 मध्ये दुहेरीकरण पूर्ण झालं. लोकांचा वेळ वाचला, चांगलंच झालं. त्या थांब्यांची आठवण मात्र येते.

(दृश्य: धरणगाव स्टेशन.)

धरणगावला एक काका शेजारी बसले. पांढरी टोपी, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. अमळनेरपर्यंत शब्द नाही, नजर माझ्या पानावर. मी पान उलटायला गेलो, तर त्यांनी बोट ठेवलं.

"थांब भाऊ, मनं व्हयनं नही आजून."

मग मी त्यांना मागचं सांगितलं. पावसात अडकलेला वाडा, चार पाहुणे, विहिरीत सापडलेलं प्रेत. पाच मिनिटांत काका वाड्यात येऊन बसले. मालिकेतलं सातवं पुस्तक असतं, तर सांगायला सुरुवात तरी कुठून करणार होतो?

पुढे आम्ही दोघांनी मिळून वाचलं. त्यांचं झालं की ते मान हलवत, मग मी पान उलटत असे. नरडाणा कधी गेलं, कळलं नाही. मध्येच त्यांनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली. ठेच्याच्या तेलाचा लाल ठसा पानाच्या कडेला उमटला, अगदी पोलीस बोटांचे ठसे घेतात त्या ओळीशेजारी. काकांनी उपरण्यानं पुसला, तर आणखी पसरला.

दोंडाईचा आलं. दहा-बारा प्रकरणं बाकी होती. काका दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"मना अंदाज सांगू? डाक्टरच शे तो."

गर्दीत टोपी दिसेनाशी झाली.

(दृश्य: नंदुरबार. उन्हात पसरलेल्या मिरचीच्या पथाऱ्या, मैलभर लाल.)

नंदुरबारला वाऱ्यासोबत मिरचीचा खाट आला. डोळे चोळत वाचत राहिलो.

(दृश्य: नवापूर स्टेशन. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत असलेला बाक.)

राज्याची हद्द या स्टेशनातूनच जाते. गाडी थांबली तेव्हा माझं शेवटचं पान चालू होतं.

डॉक्टरच होता.

मी शेजारी वळलो, सांगायला.