समिती परत गेल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

विद्यापीठातल्या एखाद्या अभ्यासक्रमाच्या तपासणीला बाहेरची समिती येणार म्हटलं की विभागात धावपळ सुरू होते. जुनी इतिवृत्तं शोधली जातात, राहिलेल्या सह्या घेतल्या जातात, स्वयंमूल्यांकन अहवालावर शेवटचा हात फिरतो. समिती येते, पाहते, बोलते, निघून जाते. आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल.

संस्थेचं मूल्यांकन वेगळं आणि एकेका अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती, म्हणजे तो ठरलेल्या निकषांना उतरतो अशी तपासणीनंतरची मान्यता, वेगळी. विद्यापीठ नावाजलेलं असलं तरी तिथला प्रत्येक अभ्यासक्रम तितकाच कसदार असेल असं नाही. निरनिराळ्या देशांतल्या अभियांत्रिकी पदव्या एकमेकांनी मान्य कराव्यात यासाठीचा १९८९ चा वॉशिंग्टन करार अभ्यासक्रमांच्याच अधिस्वीकृतीवर उभा आहे. युरोपात १९९९ मध्ये २९ देशांनी उच्च शिक्षणाच्या पद्धती एकमेकांशी जुळवण्यासाठी बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि गुणवत्तेची सामायिक तत्त्वं २००५ साली स्वीकारली गेली. ती २०१५ मध्ये सुधारली. त्यांतलं एक तत्त्व मला फार मोलाचं वाटतं: गुणवत्तेची पहिली जबाबदारी खुद्द शिक्षणसंस्थेची. समिती आरसा दाखवते. चेहरा धुवायचा तो आपणच.

तो कसा धुवायचा? एक उदाहरण घेऊ. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. वर्ग, प्रयोगशाळा, घरचं वाचन, परीक्षेची तयारी, सगळं त्यात आलं. म्हणजे ५ श्रेयांकांच्या विषयाला १२५ ते १५० तास. आता समजा, विद्यार्थ्यांना विचारलं आणि कळलं की नुसत्या प्रयोगवह्या पुऱ्या करण्यातच शंभरेक तास जातात. मग वाचन कधी करायचं? मुलं एकमेकांच्या वह्या उतरवतात, निकाल खालावतो, आणि आपण म्हणतो, मुलांना अभ्यास नको. दोष मुलांचा नसतो, आखणीचा असतो. तो कागदावर दिसत नाही, विचारल्याशिवाय कळत नाही. विचारून, बदल करून, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच विषयाबद्दल विचारलं, तर त्याला मी गुणवत्ता व्यवस्थापन म्हणेन. प्रश्नावल्या भरून घेऊन कपाटात ठेवल्या, तर विद्यार्थ्यांचा वेळ वाया घालवला एवढंच झालं. पुढच्या खेपेला ते डोळे मिटून खुणा करतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

म्हणूनच तपासणी समितीत विद्यार्थी सदस्य असलाच पाहिजे, ही त्या युरोपीय तत्त्वांतली अट मला मनापासून पटते. शिक्षक खोलीत नसताना विद्यार्थी जे बोलतात, ते कुठल्याही फायलीत सापडत नाही. ग्रंथालय संध्याकाळी लवकर बंद होतं, उत्तरपत्रिका कधी दाखवतच नाहीत, प्रकल्पाला मार्गदर्शक मिळायला निम्मं सत्र जातं. गोष्टी साध्या असतात, पण शिकणं त्यांतच अडतं.

याच तत्त्वांनुसार समितीचा पूर्ण अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध व्हायला हवा. तेव्हा श्रोतेहो, प्रवेश घेण्यापूर्वी असा अहवाल मिळाला तर मिळालेली श्रेणी पाहून तो मिटू नका. शिफारशींचं पान काढा, विभागात जा आणि सरळ विचारा: यातलं आतापर्यंत काय झालं?