पाद्र्याची फिल्म, कोडॅकचे नाव

नमस्कार. माझ्या हातातली ही फिल्मची पट्टी कोणी शोधली, असे विचारले तर बहुतेक जण कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांचे नाव घेतील. अमेरिकेतील न्यायालयाने मात्र १९१४ मध्ये हक्क मान्य केला तो दुसऱ्याच माणसाचा, आणि तोवर त्या माणसाला जाऊन तेरा वर्षे झाली होती.

हॅनिबल गुडविन हे न्यू जर्सीतील न्यूअर्क शहरातले पाद्री. बायबलमधील प्रसंग मुलांना पडद्यावर चित्रांतून दाखवावेत, ही त्यांची हौस. पण त्या काळी निगेटिव्ह काचेची असे, म्हणजे जड, आणि हातातून निसटली की संपली. काचेसारखा पारदर्शक, तरीही गुंडाळता येणारा पदार्थ मिळावा म्हणून त्यांनी प्रयोग सुरू केले. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसावर आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ, द्रावकात विरघळवायचे, गुळगुळीत पृष्ठभागावर ओतायचे, द्रावक उडून गेला की उरलेला पापुद्रा सोलून घ्यायचा. ऐकायला हे सोपे वाटते; परंतु द्रावक भरभर उडाला तर पापुद्रा दुधाळ होतो किंवा सुरकुततो, त्यामुळे खरी परीक्षा योग्य द्रावक निवडण्यातच होती. २ मे १८८७ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

पुढच्याच वर्षी ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला. किंमत २५ डॉलर, आत १०० छायाचित्रांची गुंडाळी. पण ही गुंडाळी कागदाची होती आणि धुतल्यावर तिच्यावरचा, चित्र असलेला जिलेटिनचा थर अलगद सोलावा लागे. ते किचकट काम घरी कोण करणार? छायाचित्रे धुऊन घेण्यासाठी कॅमेराच ईस्टमन यांच्या रॉचेस्टर शहरातील कारखान्याला पाठवण्याच्या ज्या सोयीचे आजही कौतुक होते, तिच्यामागे ही अडचणही होती, असे मला वाटते.

ती दूर झाली १८८९ मध्ये. ईस्टमन यांचे रसायनतज्ज्ञ हेन्री रायखेनबाख यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून पारदर्शक फिल्म तयार केली आणि त्याच वर्षी पेटंटही मिळवले. होय, आपल्या आरतीतला कापूर; ही फिल्म भडकन पेटत असे, तो दोष मात्र कापरापेक्षा नायट्रोसेल्युलोजचाच.

इकडे गुडविन यांचा अर्ज हरकती आणि दुरुस्त्यांत अडकून राहिला. १३ सप्टेंबर १८९८ रोजी, म्हणजे अकरा वर्षांनी, पेटंट हाती आले. स्वतःचा कारखाना उभारण्याच्या खटपटीत असतानाच अपघात झाला आणि ३१ डिसेंबर १९०० रोजी ते वारले.

ईस्टमन यांना सरळ चोर ठरवणे मला पटत नाही. काचेच्या लांबलचक टेबलांवर एकसारख्या जाडीची फिल्म कारखान्यात ओतून ती सामान्य माणसापर्यंत नेणे, हे काम त्यांच्याच कंपनीने केले. तरीही पेटंटाचे हक्क विकत घेणाऱ्या अॅन्स्को कंपनीने खटला जिंकला आणि कोडॅकला ५० लाख डॉलर मोजावे लागले. तेव्हाच्या कायद्यानुसार पेटंटाची मुदत मंजुरीपासून सतरा वर्षे असे. अर्ज वेळेवर मंजूर झाला असता, तर निकालाच्या कितीतरी आधीच ती संपून गेली असती.