ओलांडली ती कुठली रेघ?

भाषांतराच्या कामात मी अगदी नवखा होतो तेव्हाची गोष्ट. एका संस्थेचा वार्षिक अहवाल इंग्रजीत करून द्यायचा होता. त्यात एक साधं वाक्य होतं : ‘कार्यकर्त्यांनी कमालीचे कष्ट घेतले.’ मी कोश उघडला, ‘एक्सेसिव्ह’ सापडला, आणि ‘एक्सेसिव्ह एफर्ट्स’ असं लिहून मोकळा झालो. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्या दोन शब्दांभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘ही तक्रार आहे का?’

तक्रारच झाली होती. ‘एक्सेसिव्ह’ म्हणजे नुसतं पुष्कळ नव्हे, हवं त्याहून जास्त. कार्यकर्त्यांनी नको तितकी धावपळ केली, असं मी छापायला निघालो होतो. आपल्याकडे ‘फार’ आणि ‘अति’ यांत जो फरक आहे तोच हा. ‘फार प्रेमळ’ माणूस आपल्याला आवडतो, ‘अतिप्रेमळ’ म्हटलं की आपण जरा सावध होतो. गंमत म्हणजे ‘एक्सीड’ हे क्रियापद याच घरातलं, पण त्याच्या अंगी दोष नाही. अपेक्षा ‘एक्सीड’ झाल्या तर लोक पेढे वाटतात. ‘एक्सीडिंगली काइंड’ ही स्तुती, ‘एक्सेसिव्हली काइंड’ म्हणजे काहीतरी काळंबेरं. आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘एक्सेसिव्हली’सुद्धा निव्वळ ‘फार’ या अर्थानं सर्रास यायचं. तेव्हा जुनी पत्रं वाचताना लगेच संशय घेऊ नका.

पर्यायी शब्दांच्या यादीत एक्सेसिव्ह, इमॉडरेट, इनॉर्डिनेट, एक्स्ट्रॅव्हगंट, एक्झॉर्बिटंट, एक्स्ट्रीम असे सगळे एका रांगेत उभे असतात. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरानं १८५२ साली आपला थिसॉरस, म्हणजे पर्यायी शब्दांचा संग्रह, काढला तो अर्थांच्या गटांनी. शब्द शेजारी शेजारी बसवले, व्याख्या दिल्या नाहीत. ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याच्यासाठी हे उत्तम. ज्याला माहीतच नाही, त्याच्यासाठी तो सापळा. त्याआधी १७९४ मध्ये हेस्टर पियोत्झी या बाईंनी समानार्थी इंग्रजी शब्दांतले फरक सांगणारे दोन खंड लिहिले होते, तेही रोजच्या बोलण्यात कुठला शब्द निवडावा या हेतूनं. मला त्यांची वाट जवळची वाटते.

माझं म्हणणं एवढंच आहे की, या शब्दांकडे जाताना ‘किती जास्त?’ हा प्रश्न विचारू नका. ‘रेघ कुठली ओलांडली?’ असं विचारा. प्रत्येक शब्दाच्या पोटात त्याची त्याची रेघ आहे.

‘एक्सेस’चा लॅटिन अर्थ पाऊल पलीकडे पडणं. म्हणजे आपलं ‘अतिक्रमण’, अगदी जसंच्या तसं. पाऊल पलीकडे पडलं हे ठरवायला अलीकडची जागा आखलेली लागते, म्हणून ‘एक्सेसिव्ह’ला नेहमी एक माप हवं असतं. कायद्याला हा शब्द प्रिय आहे तो यामुळेच. इंग्लंडच्या १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये, म्हणजे हक्कांच्या सनदेत, तो जामीन आणि दंड या दोन्हींना लावलेला आहे, आणि तिथून तो १७९१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीत आला. पुढे १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक खटला आला. देशाबाहेर जाणाऱ्या एका प्रवाशाकडे ३,५७,१४४ डॉलर रोख होते. पैसे त्याचेच, कायदेशीर. १०,००० डॉलरच्या वर रक्कम नेताना ती जाहीर करायची असते, ती त्यानं केली नाही, एवढाच गुन्हा. सरकारनं सगळी रक्कम जप्त करायची म्हटलं. मग ‘एक्सेसिव्ह’ म्हणजे काय, हे ठरवायला न्यायाधीशांनी चक्क कोश काढले : जॉन्सनच्या कोशाची १७७३ ची आवृत्ती आणि वेबस्टरचा १८२८ चा कोश. दोन्हीकडे अर्थ सापडला तो ‘नेहमीच्या प्रमाणापलीकडचं’ असा. पण प्रमाणाच्या किती पलीकडे, हे कोश सांगत नाहीत. ते न्यायालयानं स्वतः ठरवलं : गुन्ह्याशी ढळढळीत विसंगत असेल तर. पाच विरुद्ध चार मतांनी तो माणूस वाचला. एका विशेषणावर साडेतीन लाख डॉलर अडकले होते, हे मला भाषांतर करताना अनेकदा आठवतं.

तिथे ‘एक्झॉर्बिटंट’ चाललं नसतं. हा शब्द माझा लाडका आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा रेंगाळतो. लॅटिनमध्ये ‘ऑर्बिटा’ म्हणजे गाडीच्या चाकांनी रस्त्यावर पाडलेली चाकोरी. ‘एक्झॉर्बिटंट’ म्हणजे चाकोरी सोडून गेलेला. पंधराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा पैशाशी काही संबंध नव्हता. कायद्याच्या वाटेबाहेर पडलेल्या गोष्टीला तो लावत. आज मात्र तो भाव, भाडं, फी, व्याज यांच्यापुरताच उरला आहे. पाऊस एक्सेसिव्ह असू शकतो, एक्झॉर्बिटंट नाही, कारण पाऊस काही मागत नाही. हा शब्द वापरला की आकड्यामागे हात पसरून उभा असलेला माणूस दिसायला हवा. ‘अव्वाच्या सव्वा’ हे आपलं याला चपखल उत्तर. तिथेही मापाचा हिशोब नसतो, नुसता संताप असतो.

‘एक्स्ट्रॅव्हगंट’ भटक्या आहे. ‘व्हॅगरी’ म्हणजे हिंडणं, ‘व्हॅगाबॉन्ड’ त्याचाच भाऊ. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पहिल्याच अंकात भुताला ‘एक्स्ट्रॅव्हगंट’ म्हटलं आहे. ते भूत काही उधळं नव्हतं, जागा सोडून फिरत होतं. मराठीत आपण हा शब्द दिसला की ‘उधळपट्टी’ लिहून टाकतो, आणि मग ‘एक्स्ट्रॅव्हगंट क्लेम’ आला की अडतो. दावा कसा उधळेल? तिथे ‘अवास्तव’ हवं. आणि स्तुती एक्स्ट्रॅव्हगंट असेल तर ‘वारेमाप’. तिन्हीकडे लगाम सुटलेलाच आहे, फक्त घोडा वेगळा.

‘इमॉडरेट’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यात माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो : पिणं, हसणं, बोलणं. ‘बेताल’ बहुतेक वेळा चालतं.

‘इनॉर्डिनेट’ जास्त मजेशीर. यात क्रम बिघडतो. दहा कामांत एकानंच निम्मा दिवस खाल्ला, तर तो त्या कामावर गेलेला ‘इनॉर्डिनेट’ वेळ. कदाचित तेवढा लागणारच होता, पण बाकीच्यांच्या तुलनेत त्याचा वाटा डोळ्यांत खुपतो. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या नावावर एक किस्सा सांगितला जातो. सृष्टीकडे पाहून निर्मात्याबद्दल काय कळतं, असं विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, त्याला भुंगेऱ्यांची ‘इनॉर्डिनेट’ आवड दिसते. भुंगेऱ्यांच्या ज्ञात जातीच सुमारे ४ लाख आहेत. तिथे ‘एक्सेसिव्ह’ घालून पाहा, विनोद मरतो. देवाला माप दाखवून जाब विचारल्यासारखं होतं.

राहिला ‘एक्स्ट्रीम’. त्यानं काहीच ओलांडलेलं नसतं! तो काठावर उभा आहे. मूळ अर्थ ‘सर्वांत बाहेरचा’, आणि ‘टोकाचा’ हा मराठी शब्द त्याच्यावर मापून शिवल्यासारखा बसतो. त्यात दोष असेलच असं नाही. म्हणून माझं ते अहवालातलं वाक्य शेवटी ‘वर्क्ड एक्स्ट्रीमली हार्ड’ असं झालं. थोडं सपक, पण निदान कुणाचा अपमान नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : समजा बिल खूप जास्त आलं आहे आणि इंग्रजीत तक्रार लिहायची आहे. मग कुठला शब्द?)

हातात करारातला दर आहे? असेल तर ‘एक्सेसिव्ह’ लिहा आणि पुढच्याच ओळीत दोन्ही आकडे द्या, ठरलेला आणि लावलेला. समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल. ‘एक्झॉर्बिटंट’ लिहिलंत तर तुम्ही आकड्यावरून माणसावर गेलात, आणि तो आता बिल बाजूला ठेवून स्वतःचा बचाव करत बसेल. पुन्हा त्याचं तोंड पाहायचं नाही असं ठरलंच असेल, तर मात्र खुशाल लिहा.