मोठी हायस्कुलं फोडून लहान केली. पैसे पाण्यात गेले का?

नमस्कार मंडळी!

जानेवारी २००९. बिल गेट्स आपल्या फाउंडेशनचं पहिलं वार्षिक पत्र लिहितात आणि त्यात एक कबुली देतात. अमेरिकेतली हायस्कुलं सुधारायला आम्ही नऊ वर्षांत दोन अब्ज डॉलरच्या वर अनुदान दिलं, त्यातून कितीतरी लहान शाळा काढल्या, पण यातल्या बऱ्याच शाळांमध्ये मुलांच्या शिकण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. झालं! पेपरवाल्यांनी मथळे दिले, आणि 'लहान शाळा' हे प्रकरण संपल्यात जमा झालं.

पुढच्याच वर्षी एमडीआरसी या संशोधन संस्थेचा न्यूयॉर्कवरचा अहवाल आला. त्याला पैसे गेट्स फाउंडेशनचेच होते. त्यात दिसलं की तिथल्या लहान शाळांतली मुलं जास्त प्रमाणात पास होऊन बाहेर पडतायत. मग खरं कोण? दोघंही. ते कसं, हेच आज बघायचंय.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, कारण आपल्या शाळेचं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर हा सगळा वाद कळतच नाही. आपल्याकडे शाळा दोन हजारांची असली तरी मूल असतं 'नववी ब'मध्ये. तीच साठ टाळकी दिवसभर एका वर्गात, शिक्षक बदलतात. वर्गशिक्षिका असते, तिच्या हातात कॅटलॉग असतो, आणि 'अगं, तो देशमुख चार दिवस दिसला नाही' हे मागच्या बाकावरूनही कोणीतरी सांगतं.

अमेरिकन हायस्कूलमध्ये, म्हणजे नववी ते बारावीच्या चार वर्षांत, तुकडीच नसते. घंटा झाली की शिक्षक जागेवर, मुलं उठतात. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. बीजगणिताला एक घोळका, इंग्रजीला दुसरा, इतिहासाला तिसरा. एका शिक्षकाकडे दिवसात पाच वर्ग, म्हणजे शंभर-दीडशे मुलं सहज. त्या मुलाला गणित शिकवणारे सर आणि इंग्रजी शिकवणाऱ्या बाई एकमेकांशी त्याच्याबद्दल वर्षभरात एकदाही बोलले नाहीत, असं होऊ शकतं. आता ही शाळा तीन-चार हजार मुलांची करा. हुशार आणि धीट मुलं तरून जातात, दंगेखोरांची नावं सगळ्यांना पाठ असतात. मधलं शांत मूल गैरहजर राहायला लागलं, तर ऑफिसातून घरी एक रेकॉर्ड केलेला फोन जातो. बस्स.

एवढ्या मोठ्या शाळा आल्या कुठून? त्यामागेही चांगलाच हेतू होता. १९५९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी अहवाल दिला की गावोगावची चिमुकली हायस्कुलं बंद करा. कारण सरळ होतं: तिथे भौतिकशास्त्राला शिक्षक परवडत नाही, परकीय भाषा शिकवता येत नाही. कोनंट यांची अट होती शेवटच्या वर्षाला निदान शंभर मुलं असावीत, एवढीच. शहरांतल्या शाळा तर त्याच्या कितीतरी पुढे गेलेल्या होत्या.

उलट्या बाजूनं बोलणारेही होते. थिओडोर सायझर यांनी १९८४ मध्ये शाळांची एक संघटना उभी केली, तिचा एक नियम मला फार आवडतो: हायस्कूलच्या कोणत्याही शिक्षकाच्या अंगावर ऐंशीपेक्षा जास्त मुलं नकोत. शाळेत एकूण किती, हा प्रश्नच नाही. एका शिक्षकाच्या वाट्याला किती, हा प्रश्न. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये डेबोरा मायर यांनी १९८५ मध्ये याच विचारानं हायस्कूल काढलं आणि ते गाजलं. १९९९ मध्ये कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, 'एवढ्या गर्दीत मुलं हरवतात' ही भीती देशभर पसरली, आणि २००० मध्ये केंद्र सरकारनं हजारावर मुलं असलेल्या हायस्कुलांना आतल्या आत लहान गट करण्यासाठी अनुदान सुरू केलं. गेट्स फाउंडेशनचा पैसाही त्याच सुमारास वाहायला लागला.

आणि इथे एक गंमत आहे. म्हणजे गंमत आपल्यासाठी, पैसे घालणाऱ्यांसाठी नाही.

[स्क्रीनवर: पेन्सिल्व्हेनियाचा नकाशा, त्यावर शाळांचे ठिपके]

लहान शाळा चांगल्या, याचा एक आवडता पुरावा असायचा: निकालांच्या यादीत वर बघा, लहान शाळाच जास्त दिसतात. हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वर्लिंग यांनी पेन्सिल्व्हेनियाच्या १,६६२ शाळांचे निकाल तपासले. पहिल्या पन्नासात लहान शाळा खरंच त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त होत्या. मग त्यांनी यादी खालून वाचली. तळाच्या पन्नासातही लहान शाळाच जास्त! दहा वेळा नाणं उडवा, आठ वेळा छापा येऊ शकतो. हजार वेळा उडवून आठशे छापे? जन्मात नाही. शाळेत मुलं कमी असली की एखाद्या वर्षी चार हुशार पोरं आली तरी सरासरी उडी मारते आणि चार कच्ची आली की आपटते. म्हणजे जे दिसत होतं त्यातला बराच भाग शाळेचा गुण नव्हता, आकडेवारीचा खेळ होता. आणि हायस्कूलच्या वयोगटात तर मोठ्या शाळाच थोड्या पुढे निघाल्या, कारण कोनंट म्हणाले तेच: विषय जास्त, शिक्षक तज्ज्ञ.

आता डेन्व्हर. तिथलं मॅन्युअल हायस्कूल २००१ मध्ये तोडून एकाच इमारतीत तीन शाळा केल्या. मुलं तीच, शिक्षक बहुतेक तेच, मुख्याध्यापक मात्र तीन. मग जिमखाना कोणाचा, पैसा कोणाचा, यावरून ओढाताण. एकत्र असताना परवडणारे विषय तिघांनाही वेगवेगळे परवडेनात. ज्यांना जमलं त्यांनी दुसरी शाळा गाठली. २००६ मध्ये शाळा बंद करावी लागली, वर्षभरानं नव्यानं उघडली. गेट्स यांचा पत्रातला सूर अशाच अनुभवांतून आलेला. भिंत घातली, पाट्या लावल्या, आत दीडशे मुलांना शिकवणारा शिक्षक तसाच राहिला.

न्यूयॉर्कमध्ये काय वेगळं झालं? महापौर ब्लूमबर्ग आणि शिक्षणप्रमुख जोएल क्लाइन यांनी २००२ ते २००८ या काळात वीसहून जास्त नापास हायस्कुलं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि दोनशेच्या वर नवी, लहान हायस्कुलं उघडली. जुनी शाळा वाटून घेतली नाही, नवी मांडली. मुख्याध्यापक नवा, शिक्षक निवडून घेतलेले, इयत्तेला साधारण शंभर मुलं. बाहेरची एखादी संस्था जोडीला. आणि मुख्य म्हणजे त्या शंभर मुलांना शिकवणारे चार-पाच शिक्षक एकत्र बसायचे. कोणाचा गृहपाठ येत नाही, कोण झोपतंय, हे चौघांना माहीत.

हा परिणाम नाण्याचा खेळ नाही कशावरून? हे मला या सगळ्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. न्यूयॉर्कमध्ये आठवीची मुलं शाळांची पसंतीक्रमानं यादी देतात आणि संगणक जागा वाटतो, आपल्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासारखंच. फक्त इथे मार्क सगळं ठरवत नाहीत. ही पद्धत बसवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांमध्ये ॲल रॉथ होते, ज्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं, आणि पराग पाठक. (नाव ऐकून 'आपला माणूस' म्हणू नका, त्यांचे आईवडील नेपाळचे.) एखाद्या शाळेत जागा कमी आणि सारख्या पात्रतेची मुलं जास्त असली की नंबर चिठ्ठीनं लागायचा. संशोधकांना आयतीच तुलना मिळाली: मुलं सारखी, इच्छा सारखी, फरक फक्त नशिबाचा. २०१३ चा आकडा सांगतो. चिठ्ठी लागलेल्यांपैकी ७०.४ टक्के मुलं चार वर्षांत पास होऊन बाहेर पडली, न लागलेल्यांपैकी ६०.९. साडेनऊ टक्क्यांचा फरक, आणि तोही बहुतेक गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांमध्ये.

फुकट काही झालं नाही. सुरुवातीची दोन वर्षं नव्या शाळांना विशेष गरजेच्या आणि इंग्रजी शिकणाऱ्या काही मुलांना नाकारायची मुभा होती. ही मुलं गेली कुठे? उरलेल्या मोठ्या शाळांत, ज्या आणखी भरल्या. त्या शाळांतल्या शिक्षकांचा राग मला पटतो.

शाळा न तोडताही हे करता येतं, हेही सांगायला हवं. १९६९ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेल्या 'करिअर अकॅडमी'त मोठ्या हायस्कूलच्या आत दीडशे-दोनशे मुलांचा गट असतो, आरोग्य किंवा वित्त असा एक विषय धरून, तेच शिक्षक तीन-चार वर्षं. त्यावरही चिठ्ठी टाकून अभ्यास झाला. पास होण्याच्या प्रमाणात काही फरक नाही! पण शाळा सुटल्यावर आठ वर्षांनी पाहिलं तर या मुलांची कमाई सरासरी ११ टक्के जास्त होती. नुसता निकाल बघणाऱ्यांनी ही योजना केव्हाच गुंडाळली असती. आणि मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन हायस्कूलनं, चार हजारांवर मुलं असलेल्या, शाळेला हातही न लावता प्रत्येक तासाला, अगदी पीटीच्या सुद्धा, वाचन-लेखन घुसवलं आणि निकाल उलटवला.

खर्चाचं विचाराल, तर न्यूयॉर्कच्या हिशेबात पास झालेल्या प्रत्येक मुलामागे लहान शाळेचा खर्च १४ ते १६ टक्के कमी पडला, कारण पाचवं वर्ष काढावं लागणारी मुलं घटली.

तुमच्यापैकी जे न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये आहेत आणि ज्यांचं मूल पुढच्या वर्षी नववीत जातंय, त्यांनी शाळेच्या माहितीसभेत 'एकूण मुलं किती' विचारू नका. विचारा, 'माझ्या मुलीचे गणिताचे आणि इंग्रजीचे शिक्षक त्याच मुलांना शिकवतात का?' उत्तर 'हो' आलं, तर लगेच पुढचं: 'त्यांना आठवड्यात एकत्र बसायला वेळापत्रकात तास दिलाय का, आणि कोणता?'