अपुऱ्या हस्तलिखिताचे वारस

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, गाब्रिएल गार्सिया मार्केझ हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असेल. हा लेखक २०१४ साली गेला. शेवटच्या वर्षांत त्याची स्मृती विझत चालली होती आणि त्याच काळात एका लहानशा कादंबरीवर तो पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. अखेर त्यानं मुलांना सांगितलं, हे काही जमत नाहीये, नष्ट करून टाका. मुलांनी नष्ट केलं नाही. कागद टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात गेले आणि मार्च २०२४ मध्ये ते पुस्तक दुकानांत आलं. आपण केलेला हा एक विश्वासघातच आहे, हे मुलांनी प्रस्तावनेत लिहून टाकलंय. वाचकाचा आनंद आम्ही सगळ्यात वर ठेवला, म्हणतात. वाचक खूश झाले तर वडीलही कदाचित क्षमा करतील.

यावर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, शेवटची इच्छा ती शेवटची इच्छा. दुसरा लेखक काफ्काचं नाव घेतो. माझं लेखन जाळून टाक, असं तो मित्राला, माक्स ब्रोडला, सांगून गेला होता. ब्रोडनं त्याचं ऐकलं असतं तर जगाला काफ्का मिळाला नसता. हे भांडण मला फारसं रंगत नाही. ज्याला खरंच जाळायचं असतं, त्याच्या घरात काडेपेटी असते. ब्रिटिश विनोदी लेखक टेरी प्रॅचेट यानं आपली हार्ड डिस्क रोड रोलरखाली चिरडा असं सांगून ठेवलं होतं. २०१७ साली इंग्लंडमधल्या एका जत्रेत वाफेच्या रोलरखाली ती खरोखर चिरडली! असा लेखक विरळा. बाकीचे ‘जाळा’ म्हणतात आणि फायली नीट बांधून ठेवतात.

छापायचं की नाही, हे बहुधा घरचे ठरवूनच बसलेले असतात. ठरल्यावर ते त्या कागदांचं काय करतात, हा माझा विषय आहे.

आपल्याकडे हे दुखणं फार जुनं. सातव्या शतकात बाणभट्ट ‘कादंबरी’ अर्ध्यावर टाकून गेला. ती मुलानं पुरी केली. त्याचं नाव कुणी भूषणभट्ट सांगतात, कुणी पुलिंद. उत्तरभागाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याचं रसिकांना दुःख होतं, म्हणून मी हात घातला, ‘न कवित्वदर्पात्’, कवी असल्याच्या गर्वानं नव्हे. पूर्वभाग बापाचा, उत्तरभाग मुलाचा. तेराशे वर्षांनंतरही संस्कृतच्या विद्यार्थ्याला बाण कुठे थांबला ते माहीत असतं. उत्तरभाग तितका सरस नाही असं पंडित म्हणतात. म्हणोत. त्या मुलानं आपलं लेखन बापाच्या नावावर खपवलं नाही, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं.

आता जरा लांबच्या घरात जाऊ. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे सिनेमे तुमच्या मुलानातवंडांनी पाहिलेत. ती मूळ कादंबरी लिहिणारा टॉल्किन १९७३ साली वारला. त्या सगळ्या कथेच्या मागचं पुराण, ‘द सिल्मरिलियन’, तो पन्नासहून अधिक वर्षं लिहीत होता आणि ते संपत नव्हतं. एकाच प्रसंगाचे चार-चार खर्डे, नावं बदललेली, जुनं नव्याला जुळत नाही असा तो पसारा. मुलगा ख्रिस्टोफर लहानपणापासून त्या गोष्टी ऐकत वाढलेला. वडिलांच्या पुस्तकाचे नकाशेही त्यानंच काढलेले. कागद वडिलांनी विश्वासानं त्याच्याच हवाली केले होते. गाय गॅव्हरिएल के या तरुणाला हाताशी घेऊन त्यानं त्या खर्ड्यांतून एक सलग पुस्तक उभं केलं. ते १९७७ साली आलं, धो धो खपलं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सलगपणासाठी ख्रिस्टोफरला काही ठिकाणी स्वतः लिहावं लागलं होतं. डोरिआथ नावाच्या राज्याच्या विनाशाचं प्रकरण तर वडिलांनी पुढं नीट लिहिलंच नव्हतं. ते बरंचसं या दोघांनी जुळवलेलं. वाचणाऱ्याला याचा पत्ता नाही. मग हा गृहस्थ वर्षानुवर्षं काय करतो? १९८३ ते १९९६ या काळात बारा खंड काढतो. त्यात वडिलांचा प्रत्येक खर्डा, खोडलेली ओळ, समासातली टीप, कुठला कागद आधीचा आणि कुठला नंतरचा, सगळं मांडतो. पहिल्याच खंडात सांगतो की १९७७चं पुस्तक कसलीही चौकट न देता नुसतं पुढे ठेवलं, ही चूक झाली. डोरिआथच्या प्रकरणाची कबुली अकराव्या खंडात, १९९४ साली. स्वतःच बेमालूम घातलेला टाका त्यानं वाचकांसमोर उसवून दाखवला. बारा खंड सगळ्यांनी वाचावेत असं मी म्हणणार नाही, मीही सगळे वाचलेले नाहीत. पण वारसदारानं कसं वागावं हे मला या माणसाकडून कळलं.

अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या घरी उलट प्रकार. पॅरिसच्या दिवसांवरचं त्याचं अपुरं पुस्तक चौथ्या पत्नीनं, मेरीनं, १९६४ साली जुळवून छापलं. २००९ मध्ये नातू शॉन यानं त्याची नवी आवृत्ती काढली, कारण मेरीनं लावलेल्या शेवटच्या प्रकरणात दुसऱ्या पत्नीवर, पॉलिनवर, अन्याय झाला असं त्याचं म्हणणं. शॉन कुणाचा नातू? पॉलिनचाच! दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिक असतील. पण खर्ड्याचा क्रम लावताना सवतींचं भांडण चालू राहू शकतं, हे लक्षात ठेवा. मुलगा पॅट्रिक यानं आफ्रिकेवरच्या सुमारे दोन लाख शब्दांच्या हस्तलिखितातून जवळपास निम्मा मजकूर काढून १९९९ साली पुस्तक केलं. काय काढलं, ते वाचकाला त्यातून कळत नाही.

आपल्या मराठीत मात्र याचा एक सुंदर नमुना आहे, आणि तोही एकाच घरात दोनदा घडलेला. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’चे दहा-साडेदहा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. ज्या बाईला लिहावाचायला नवऱ्यानं घरी शिकवलं, तिनं नवऱ्याचं महाकाव्य उचललं! त्याच लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागानं येत होती. १९३६ साली त्या गेल्या आणि चौथा भाग अपुरा राहिला. तो मुलगा देवदत्त यांनी पुरा केला. या घरात कुणी कुणाचा आवाज काढायचा प्रयत्न केला नाही. टिळकांचे किती, बाईंचे किती, हे आजही सांगता येतं.

आणि आपल्या इंदूरचं. गजानन माधव मुक्तिबोध होळकर कॉलेजात शिकले, १९३८ साली बी. ए. झाले. घर मराठी, लेखणी हिंदी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र जन्मले इंदुरात आणि लिहीत राहिले मराठीत. गजाननराव ११ सप्टेंबर १९६४ला दिल्लीत गेले, तोवर त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह आलेला नव्हता. पहिला आला तो त्यानंतर, मित्रांच्या धडपडीतून. ते लिहीतही असे की कविता संपायची नाही. लांबच लांब, पुन्हा पुन्हा बदललेली. १९८०ची सहा खंडांची रचनावली, म्हणजे त्यांचं समग्र लेखन, नेमिचंद्र जैन यांनी संपादित केली, त्यात मुलगा रमेश यांचे हात लागलेले होते. त्या खंडांत रचनेखाली ‘अपूर्ण’ असं छापलेलं सापडतं, ‘संभावित रचनाकाल’ दिलेला सापडतो. म्हणजे आम्हाला नक्की माहीत नाही, अंदाज आहे, असं संपादक छापून देतो. कित्येक मराठी ‘समग्र’ ग्रंथांत मला हा एक शब्द शोधूनही मिळत नाही.

आता कायदा, थोडक्यात. सराफ्यात खायला जायची घाई मला दिसतेय. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. पण जे लेखन त्याच्या हयातीत बाहेर आलंच नाही, त्याची ६० वर्षं छापल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. त्यामुळे ट्रंकेतल्या कागदाला बाजारात किंमत आहे. हा हक्क सगळ्या वारसांचा. आपल्याकडे वाटणीत दागिने लिहितात, भांडी लिहितात, कागदांची ट्रंक कुणी लिहीत नाही. ती ज्याच्या माळ्यावर राहिली तो स्वतःला मालक समजतो. मग पुस्तक निघालं की पुण्याहून बहिणीची नोटीस येते.

राजवाड्याच्या मागचे वाडे पडताहेत, मंडळी सुदामानगरात, निपानियाच्या फ्लॅटमध्ये जाताहेत आणि कागद रद्दीत. म्हणून अगदी कामापुरतं सांगतो. आजोबांची वही सापडली तर आधी ती जशी सापडली त्याच क्रमानं मोबाइलवर फोटो काढा. पानांवर नंबर शिसपेन्सिलीनं घाला, बॉलपेननं नको. स्टेपलर, लॅमिनेशन, चिकटपट्टी, तिन्ही वर्ज्य. दोन खर्डे असतील तर चांगला निवडून दुसरा फेकू नका. शुद्धलेखन सुधारायचं तर टंकलिखित प्रतीत सुधारा, मूळ कागदावर नाही. आणि प्रकाशकाकडे गेलात की मुखपृष्ठावर ‘अपूर्ण’ आणि ‘संपादन’ हे दोन शब्द मागून घ्या. तो म्हणेल, अपूर्ण लिहिलं तर खपणार नाही. त्याला मार्केझच्या मुलांची प्रस्तावना दाखवा.