इरकलीच्या काठाचे पेल्मेट

पडद्याचा रॉड, त्याचे ब्रॅकेट आणि कड्या झाकण्यासाठी खिडकीच्या माथ्यावर बसवलेल्या लाकडी चौकटीला आपल्याकडे पेल्मेट म्हणतात. आमच्या बैठकीच्या खोलीतील हे पेल्मेट आम्ही घरीच केले आणि त्यावर आईची सहावारी सुती इरकल चढवली.

माप रॉडपासून धरायचे, खिडकीपासून नव्हे. आमचा रॉड 60 इंचांचा आहे. पडद्याच्या चुण्या सुटसुटीत राहाव्यात म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन इंच मोकळे सोडले आणि 12 मिलिमीटर प्लायवुडची समोरची फळी, बाजूच्या दोन फळ्यांची जाडी धरून, 65 इंच लांब, 12 इंच उंच कापून घेतली. बाजूच्या फळ्या साडेसहा इंचांच्या आहेत आणि वरून एक फळी बसवली आहे.

दोन्ही बाजू आणि आत दुमडायचे कापड धरून एकसंध 84 इंच लागतात. एवढी रुंदी थानाच्या कापडात सहसा मिळत नाही, त्यामुळे जोड द्यावा लागतो. साडी मात्र आडवी लावता येते, आणि तिचा काठ आपसूक पेल्मेटच्या खालच्या कडेला येतो.

अडचण एवढीच होती की, काठच आत दुमडला तर त्याची नक्षी दिसेनाशी होणार. तो प्रश्न साडीच्या फॉलने सोडवला. फॉलची वरची शिवण उसवली, किनारीची तशीच ठेवून तिच्यावर मशीनची एक टीप घातली आणि खाली सुटलेली ती पट्टी फळीच्या आतल्या बाजूला वळवली. चार बोटे रुंद काठ पूर्णपणे बाहेर राहिला. मात्र फॉलजवळचा हाच भाग टाचेखाली येऊन झिजलेला असतो, म्हणून कापण्यापूर्वी तो उजेडासमोर धरून नीट पाहावा. पदराला आम्ही हात लावला नाही. इरकलीच्या पदराचा ताणा, म्हणजे लांबीचे धागे, वेगळा असून तो साडीच्या अंगाच्या ताण्याला गुंतवून जोडलेला असतो, आणि फळीवर ओढून बसवताना त्या सांध्याला ताण देणे योग्य नाही.

फळीवर पाव इंची फोम, त्यावर पांढरे अस्तर आणि मग साडी, असा क्रम ठेवला. अस्तराशिवाय विरळ सुतातून फोम दिसतो. गन टॅकरची (पिना ठोकायच्या हत्याराची) पहिली पिन मधोमध मारून तेथून दोन्ही टोकांकडे जावे आणि दर वेळी काठाची रेघ फळीच्या कडेशी समांतर आहे ना, हे पाहावे, कारण एका टोकापासून सुरुवात केली तर काठ हळूहळू तिरका होत जातो. कोपरे वहीला कव्हर घालतो तसे दुमडावेत.

भिंतीवर पाणसळ लावून तीन एल अँगल ठोकले, त्यांवर चौकट टेकवली आणि वरच्या फळीत खालून स्क्रू पिळले. दुपारी पडदा ओढला की रॉडच्या वरून छतावर जो उजेडाचा पट्टा पडत असे, तो आता पडत नाही.